आधी होल्स्टर, मग पिस्तूल

ऑस्टिन, टेक्सास

चि. सौ. सायलीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पिस्तूल बाळगायचं हे तू आणि जावईबापूंनी विचार करून ठरवलंय, तेव्हा त्यावर मी वाद घालत नाही. पण ‘पर्समध्ये मावेल असं लहानात लहान पिस्तूल कुठलं घेऊ?’ हा तुझा प्रश्नच मला उलट्या टोकाने धरलेला वाटतो. ते अंगावर नेमकं कुठे आणि कशात राहणार, हे आधी ठरव. पिस्तूल सगळ्यात शेवटी. दुकानदार तुला याच्या उलट सांगेल, कारण काउंटरच्या काचेखाली पिस्तुलं मांडलेली असतात आणि होल्स्टरं कोपऱ्यातल्या खुंट्यांवर लटकत असतात. म्हणून हे सविस्तर लिहितो.

आजच्या बहुतेक कॉम्पॅक्ट पिस्तुलांची रचना साधी आहे. चाप मागे गेला की गोळी सुटते. हातातून पडलं तरी सुटू नये म्हणून आत खिट्ट्या असतात. पण ग्लॉकसारख्या पिस्तुलाला अंगठ्याने लावायची वेगळी कळ नसते. चापावर साधारण अडीच किलोचा दाब आणि जेमतेम अर्ध्या इंचाची हालचाल, एवढं पुरतं. तो दाब बोटाचा आहे की घडीत अडकलेल्या ओढणीचा, याने यंत्राला काही फरक पडत नाही. म्हणजे गर्दीत, गाडीत, लिफ्टमध्ये तुझ्या आणि अपघाताच्या मध्ये जे काही उभं असतं, ते होल्स्टर. नोव्हेंबर 2008 मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा नामवंत फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस मॅनहॅटनच्या एका नाइटक्लबमध्ये गेला तो ग्लॉक नुसतं ट्रॅकपँटच्या कमरेत खोचून. ते पायावरून खाली घसरलं, त्याने घाईने धरायला हात घातला आणि गोळी त्याच्याच मांडीत शिरली. त्या राज्यातला परवानाही नव्हता, त्यामुळे दोन वर्षांची शिक्षा झाली. तिथे पिस्तूल बिघडलेलं नव्हतं, चापावर आच्छादन नव्हतं.

आता पर्सचं. तू म्हणशील, पर्समध्ये खास वेगळा कप्पा असतो, चेन असते. 30 डिसेंबर 2014 रोजी आयडाहो राज्यातल्या हेडन गावी एका आईच्या पर्सला अगदी असाच खास कप्पा होता, तिच्याकडे परवानाही होता. ती दुकानात खरेदी करत होती, दोन वर्षांचा मुलगा ट्रॉलीत बसलेला. त्याने पर्समधून पिस्तूल काढलं, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. तिला निष्काळजी म्हणून आपण सुटू शकत नाही. पर्स ही अंगापासून वेगळी होणारीच वस्तू आहे: ट्रॉलीत, खुर्चीच्या पाठीला, गाडीच्या सीटवर, पाहुण्यांच्या पलंगावर. तुझ्या घरात तीन वर्षांचा ओम आहे. तेव्हा पर्स हा पर्याय मी साफ खोडतो. अंगावर राहील तरच बाळगायचं.

अंगावर म्हणजे कशात? ताठ प्लॅस्टिकच्या, कायडेक्सच्या होल्स्टरमध्ये, त्याच मॉडेलच्या मापाने घडवलेल्या. त्यात चापाभोवतीची सगळी कडी झाकली गेली पाहिजे आणि पिस्तूल बाहेर काढल्यावरही तोंड उघडं राहिलं पाहिजे. कातडं मऊ लागतं, अंगाला सरावतं, असा आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. पण जुनं कातडं सैल पडलं की तोंडाची कड आत दुमडते, आणि पिस्तूल परत घालताना तीच दुमड बोटासारखी चापावर बसते. कातडंच हवं असेल तर तोंडाला आतून धातूची पट्टी असलेलं घे. सलवार-कमीजवर पट्टा नसतो, म्हणून पोटाला बांधायचा इलॅस्टिकचा पट्टा सुचवला जाईल; तो चालेल, पण त्यात चापावर ताठ कवच हवंच, कारण नुसत्या कापडावरून चाप दाबता येतो. दुकानात एवढं करून बघ: पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री कर, ते होल्स्टरमध्ये घाल, आणि बाहेरून सगळ्या कडांनी करंगळी फिरव. कुठूनही चापाला बोट लागलं तर ते होल्स्टर खाली ठेव. मग उलटं धर. पिस्तूल घसरता कामा नये. आणि परत घालताना घाई कधीच नको. कपडा एका हाताने वर धरायचा, नजर खाली, बोट चापापासून लांब.

‘नळीत काडतूस ठेवलंच नाही तर?’ असंही तू विचारशील. सराव होईपर्यंतचे पहिले आठवडे तसं करायला माझी हरकत नाही. पण ती खात्री रोज सकाळी आठवणीवर अवलंबून असते. होल्स्टर आठवणीवर अवलंबून नसतं.

एवढं ठरलं की पिस्तुलाचा प्रश्न बराच सोपा होतो. लपवायला त्रास देते ती मूठ. नळी तर कपड्याच्या आत खाली जाते. म्हणून ‘लहानात लहान’ घेऊन फारसं काही साधत नाही, उलट तोटा होतो. जेमतेम पावणेतीनशे ग्रॅमचं रुगर एलसीपी खिशात मावतं, पण हलकेपणामुळे हाताला सणसणीत झटका देतं. असं पिस्तूल माणूस दोनदा चालवतो आणि सराव सोडतो. 2018 मध्ये आलेलं सिग पी365 साधारण अर्ध्या किलोचं, दहा काडतुसांचं. लहान हाताला ते पुष्कळदा बसतं. ग्लॉक 19 त्याहून मोठं, पंधरा काडतुसांचं, सरावाला सोपं, लपवायला थोडं अवघड. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, ओढताना मनगट दुखत असेल तर ‘शील्ड ईझी’ बघ, ते त्यासाठीच काढलंय. नेमबाजीच्या रेंजवर ही पिस्तुलं भाड्याने मिळतात. प्रत्येकाच्या पन्नास गोळ्या झाडल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

कायद्याचं थोडक्यात. टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय बाळगता येतं, तरी परवाना काढच. शाळेच्या हजार फुटांच्या आत बंदूक बाळगायला बंदी करणारा संघीय कायदा परवानाधारकाला सूट देतो, आणि ओमची शाळा आता सुरू होईल. तुझं ग्रीन कार्ड झालंय म्हणून हे सगळं शक्य आहे. एच-1बी व्हिसावरच्या माणसाला काही अपवाद सोडता बंदूक बाळगायला मनाई आहे. तेव्हा ऑफिसातल्या तशा व्हिसावरच्या मैत्रिणीला ‘जरा सांभाळ’ म्हणूनही ते देऊ नकोस.

घरी आल्यावर पिस्तूल होल्स्टरमधून काढायचंच नाही. होल्स्टरसकट उतरवून थेट कुलपाच्या पेटीत. ती पेटी पिस्तूल घेशील त्याच दिवशी विकत घे. आणि दुकानात जाशील तेव्हा ऑफिसला रोज घालतेस तीच कुर्ती घालून जा, खाली वाकून, गाडीत बसून, ओमला कडेवर घेतल्यासारखं करून बघ. काय जमलं ते कळव.

तुझा,
मामा