आधी श्वास, मग लेणे

इटलीतील फ्लॉरेन्ससारख्या कलासंपन्न गावी सकाळी योगासने करावीत आणि मग चित्रे-शिल्पे पाहावीत, अशा सहली हल्ली निघतात, असे सरांनी तासाला सांगितले तेव्हा वर्गात हशा पिकला. मीही हसले. पुढे वाचनात आले की, एका प्रवासवर्णनात स्तांदाल या फ्रेंच लेखकाने फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधला आपला अनुभव लिहून ठेवला आहे. तेथून बाहेर पडताना त्याची छाती धडधडत होती, चालताना आपण पडू की काय असे त्याला वाटत होते. म्हणजे सौंदर्य पचवायलाही शरीराची तयारी लागते तर!

फ्लॉरेन्स मला कोठून परवडणार? पण आम्हा कोनच्या आगरी मंडळींना कार्ला परका नाही. एकवीरा आईच्या दर्शनाला मी कडेवर असल्यापासून जाते. देवळाला लागूनच ते प्रचंड चैत्यगृह आहे. परंतु तिकीट काढून आत जावे, हे आमच्या घरी कधी कोणाला सुचले नव्हते.

वाटेत लोणावळा लागते. तेथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले. उड्डियान, नौली करताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या व दाबमापकाच्या साहाय्याने तपासले. योग हा प्रयोगाचा विषय आहे, तर आपणही एक लहानसा प्रयोग करावा, असे मनात आले.

गर्दी नसलेल्या एका बुधवारी आईला घेऊन गेले. पहाटे घरी पडवीत आसने केली होती. लेण्यात शिरल्यावर काहीही न पाहता दोघी भिंतीशी डोळे मिटून बसलो आणि दहा मिनिटे केवळ श्वास मोजला. बौद्ध परंपरेत श्वासावर ध्यान ठेवण्याच्या साधनेला आनापानसती म्हणतात. तेव्हा जागा काही चुकीची नव्हती.

डोळे उघडले तेव्हा प्रथम छत दिसले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून तशाच आहेत! सभागृह १२४ फूट लांब. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, वर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी. काही खांबांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. घाईत आले असते तर एवढे पाहून मी परतले असते. पण आई सवयीने स्तूपाला प्रदक्षिणा घालू लागली आणि मागून तिने हाक मारली. तेथले सात खांब अगदी साधे, अष्टकोनी. ना हत्ती, ना जोडपी.

असे का? मागच्या खांबांना दाता मिळाला नसेल, असे आईचे मत आहे. सरांना विचारायचे आहे.