कूलर आणि पंखा

नागपूर, 14 मे

चि. ओंकार,


परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, नीट बोलता आलं नाही. नव्या पीसीला लिक्विड कूलरच हवा असा तू हट्ट धरलायस आणि दादा खर्चाला नाही म्हणतोय. "काका, अकोल्याच्या उन्हाळ्यात पाणीच पाहिजे ना?" म्हणालास.

घोळ इथंच आहे. आपल्या खिडकीतला कूलर गार वारा देतो, कारण ताट्यांवरचं पाणी वाऱ्यानं उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. पीसीतलं पाणी बंद नळ्यांत फिरतं, ते उडत नाही. प्रोसेसरवर तांब्याची थाळी, तिच्यावरून पंप पाणी रेडिएटरकडे ढकलतो, आणि तिथं त्याला गार करायला शेवटी पंखेच! खोलीत 42 अंश असले तर प्रोसेसर 42 च्या खाली ना पाण्यानं येईल, ना पंख्यानं.

तुझा रायझन 7 7700 आहे 65 वॉटचा. पूर्ण जोर लावला तरी 88 वॉटच्या आसपास थांबतो. त्याला तांब्याच्या हीटपाइपा आणि 120 मिमीचा पंखा असलेला साधा टॉवर कूलर पुरून उरेल. कोर आय9-14900के घेऊन दिवसभर थ्रीडी रेंडर लावणार असतास, तर तो 253 वॉटपर्यंत जातो. मग मीच 360 मिमीचा रेडिएटर घे म्हटलं असतं. लिक्विड कूलर दिसतो छान, हे मान्य. पण पंखा बिघडला तर खडखडतो, चार-पाचशे रुपयांत नवा बसतो. सीलबंद लिक्विड कूलरचा पंप गेला की बहुधा अख्खा कूलरच बदलावा लागतो.

वाचलेल्या पैशांत समोर जाळी असलेलं कॅबिनेट घे. दोन पंखे पुढून वारा आत घेणारे, एक मागून बाहेर टाकणारा. आपल्याकडे खरा शत्रू धूळ. गेल्या आठवड्यात एक मशीन आलं, कूलरच्या पात्यांमध्ये धुळीची चक्क गोधडी बसली होती. ब्रश मारला, ब्लोअर फिरवला, मशीन चालू लागलं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं.

आणि एक, हसू नकोस. मी पहिल्यांदा कूलर बसवला तेव्हा तापमान 90 च्या खाली येईना. तासभर बायोस चाळलं. शेवटी उघडून पाहिलं, तर तळाचं पारदर्शक प्लास्टिक तसंच चिकटलेलं आणि त्यावर मी मन लावून थर्मल पेस्ट थापलेली!

तेव्हा पेस्ट लावण्याआधी मला व्हिडिओ कॉल कर. तळ मला दाखवायचा, मगच स्क्रू पिळायचे.

तुझा
काका