जुन्या सीडीतला हिशेब : ड्राइव्ह कोणत्या जोडणीची घ्यावी?

व्यापारी बंधूंनो, 2000 सालाच्या आगेमागे आपल्यापैकी अनेकांनी वहीखाते संगणकावर नेले. वर्षअखेरीस सगळा हिशेब एका सीडीत उतरवायचा आणि ती कपाटात ठेवायची, अशी पद्धत पडली. काही कारखानदारांनी साडीच्या किनारीची डिझाइनेही अशीच ठेवली. आज बहुतेक नव्या संगणकांत सीडी घालण्याची सोयच नसते.

माझ्यावर हा प्रसंग आला. मरहूम भागीदाराच्या वारसांचा हिस्सा काढायचा होता आणि 2005 सालचा हिशेब एकाच सीडीत होता. मी घाईने एक स्वस्त ड्राइव्ह विकत आणली. घरी येऊन पाहतो तर तिची रुंद केबल लावायला संगणकात जागाच नाही! दुकानदाराने विचारले नाही, मीही विचारले नाही. पैसे तर गेलेच, पण हक्काच्या वारसांना पंधरा दिवस जास्त थांबावे लागले, याचे दुःख मोठे. म्हणून खरेदीआधी जोडणीचे प्रकार समजून घेऊ.

(1) आयडीई : रुंद, चपटी केबल आणि 40 पिनांची जोडणी. एका केबलवर दोन उपकरणे बसतात. मागच्या बाजूच्या जंपरने एकाला मास्टर व दुसऱ्याला स्लेव्ह करावे लागते. दोघांचे जंपर सारखेच मास्टर राहिले तर संगणक गोंधळतो. इंटेलने 2006 पासून आपल्या नव्या चिपसेटमधून ही जोडणी वगळली. म्हणून ती आता जुन्या संगणकांतच सापडते.

(2) स्कझी : छपाई व डीटीपीच्या जुन्या यंत्रांत ही असे. ॲपलने 1986 च्या मॅकिंटॉश प्लसपासून ती वापरली. साध्या संगणकात तिला वेगळे कार्ड लागते, प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक द्यावा लागतो आणि साखळीच्या टोकाला टर्मिनेटर लावावा लागतो. आपल्या पेढीसाठी ही आज घेऊ नये.

(3) साटा : 2003 च्या सुमारास बाजारात आली. डेटाची केबल अरुंद, 7 पिनांची. जंपरची कटकट नाही, एका केबलवर एकच ड्राइव्ह. टेबलावरच्या संगणकात ही जोडणी आजही मिळते. मात्र पेटीत ड्राइव्ह बसवण्याचा खण आहे का, ते आधी पाहावे.

(4) यूएसबी : बाहेरून लावायची ड्राइव्ह. पेटी उघडायला नको, लॅपटॉपलाही चालते आणि एकाच ड्राइव्हवर चार दुकानांचे काम होते.

आता वेगाचा प्रश्न. विक्रेता मोठा आकडा दाखवून जास्त दाम सांगतो. पण हिशेब करून पाहा. सीडीचा एकपट वेग सेकंदाला 150 किलोबाइट. म्हणजे 52 पटीची ड्राइव्ह फार तर 7.8 मेगाबाइट देते, तेही तबकडीच्या बाहेरच्या कडेला. 16 पटीची डीव्हीडी ड्राइव्ह सुमारे 22 मेगाबाइट. याउलट पहिल्या साटाची क्षमताच 150 मेगाबाइट होती. माग जेवढे विणेल तेवढेच कापड निघणार. गोदामाचा दरवाजा रुंद केल्याने वार वाढत नाहीत. सीडी-डीव्हीडीसाठी यूएसबी 2.0 पुरेशी आहे. जुनी यूएसबी 1.1 मात्र खरोखर अरुंद. तिची कमाल मर्यादाच सेकंदाला दीड मेगाबाइट.

म्हणून वेगापेक्षा आपल्या संगणकात कोणते तोंड आहे, ते आधी पाहा. फक्त वाचण्याचे काम असेल तर यूएसबी ड्राइव्ह घ्या. लॅपटॉपला नुसते टाइप-सी तोंड असेल तर तशीच केबल मागा. ड्राइव्ह मध्येच बंद पडत असेल तर वीज कमी पडते असे समजा. हबऐवजी थेट संगणकाला लावा. घरात चालू आयडीई ड्राइव्ह पडून असेल तर स्वतंत्र वीजपुरवठा असलेला यूएसबी अडॅप्टर लावून तिचे काम भागते.

ड्राइव्ह आली की काम लांबवू नका. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. एका ड्राइव्हवर वाचली नाही तर दुसऱ्यावर लावून पाहा, पुष्कळदा वाचते. फायली दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवा आणि उघडून पाहा. हिशेबाची फाइल उघडायला त्या वेळचा प्रोग्रामही लागतो. त्याची सीडी फेकू नका. आकडे दिसताच कागदावर छापून घ्या.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. लिहिलेले वाचताच आले नाही तर लिहिण्याचा हेतू कसा साधणार? कपाटातल्या त्या सीडीत कुणाचे येणे आहे, कुणाचा वाटा आहे. ती अमानत आहे. माझ्या भागीदाराच्या वारसांचा हिस्सा शेवटी यूएसबी ड्राइव्हनेच निघाला, अल्हम्दुलिल्लाह. आपण या आठवड्यातच कपाट उघडावे.