काट्याची साक्ष : मोटारीतील पेट्रोलचा दाब

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या पेट्रोलवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. आणि मालेगावला हमरस्त्यावरच्या मामाच्या गॅरेजात सुट्ट्या घालवल्याशिवाय माझ्या फीचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. तेव्हा जे हाताने केले, तेच येथे मांडतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतील एका काकांची पेट्रोलवर चालणारी टॅक्सी आहे. शेजारच्या ताईला बाळंतपणासाठी अकोल्याला नेताना मेडशीच्या पुढे चढावर गाडी आचके देऊ लागली आणि बंद पडली. रात्रीची वेळ, वर पाऊस. पाऊण तासाने दुसरे वाहन मिळाले. ताई व बाळ सुखरूप आहेत. पण काकांनी ती धास्तीच घेतली. एका ठिकाणी गाडी दाखवली, तर काहीही न तपासता ‘पंप गेला, नवा टाका’ असे उत्तर मिळाले. कर्जाचे हप्ते चालू असताना हा खर्च आणायचा कोठून? शेवटी गाडी मामाकडे आली.

आता मूळ विषयाकडे वळू. १९८३ साली आलेल्या पहिल्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत कार्ब्युरेटर असे. त्याला पेट्रोल नुसते पोचवले की भागे. ३-४ पौंडांचा दाब पुरत असे. पुढे धुराविषयीचे नियम कडक होत गेले आणि इंजेक्टर आले. इंजेक्टर पेट्रोलचा बारीक फवारा मारतो. त्यासाठी टाकीतला विजेवर चालणारा पंप बहुतेक गाड्यांत सुमारे ३ बार दाब देतो. ३ बार म्हणजे साधारण ४४ पौंड, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या जवळजवळ दीडपट. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर शंभर फूट खोल विहिरीतून पाणी वर चढवण्याइतका जोर! नेमका आकडा मात्र त्या त्या गाडीच्या पुस्तकात पाहावा.

हा दाब डोळ्यांना दिसत नाही. तो गेज दाखवतो. गेजच्या पोटात एक वाकडी पोकळ नळी असते. दाब वाढला की ती किंचित सरळ होते आणि काटा फिरतो. युजेन बूर्दों या फ्रेंच कारागिराने १८४९ मध्ये याचे पेटंट घेतले. वाफेच्या इंजिनांच्या काळातील ही युक्ती आजही आमच्या गॅरेजात चालते.

तपासणीचा क्रम असा. प्रथम इंजिन थंड होऊ द्यावे; आसपास विडी, काडी, शेगडी काही नको. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करावे. नळीतील पेट्रोल संपत आले की ते आपोआप बंद पडते आणि दाब उतरतो. मग बॅटरीची ऋण तार सोडवावी, जोडावर फडके धरून नळी हळूच उघडावी व तीन तोंडी जोडाने गेज बसवावा. तार व फ्यूज परत लावून इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवावी. पंप दोनएक सेकंद गुणगुणतो आणि काटा चढतो. कोठे गळत नाही ना, हे पाहूनच इंजिन सुरू करावे.

यानंतर काटा वाचायचा असतो. दाब कमीच राहिला, तर फिल्टर तुंबलेला, पंप थकलेला, रेग्युलेटर बिघडलेला किंवा पंपाला वीज अपुरी. दाब फार चढला, तर रेग्युलेटर बिघडलेला किंवा परतीची नळी बंद. इंजिन बंद केल्यावर काटा झरझर खाली आला, तर कोठेतरी झडप किंवा इंजेक्टर पाझरतो आहे. डिझेलच्या नव्या गाड्यांना मात्र हा गेज कधीही लावू नये. तेथे दाब हजार बारच्याही पुढे जातो, आणि ती धार कातडी भेदून आत शिरते.

काकांच्या गाडीचा काटा उभ्या गाडीत ३ बारवर होता. सारे ठीक दिसत होते. पण मामाचे समाधान होईना. त्यांनी लांब नळी लावून गेज बाहेरून समोरच्या काचेवर चिकटवला आणि आम्ही तोच मेडशीचा चढ गाठला. मी शेजारी बसून आकडे मोठ्याने वाचत होतो : तीन... अडीच... दोन... आणि गाडीने आचका दिला!

मी लगेच म्हणालो, “मामा, म्हंजे पंपच गेला नं?”

मामा म्हणाले, “पोरा, काट्यानं दाब कमी हाय एवढंच सांगतलं. कावून कमी हाय, ते तुले शोधा लागते.”

गॅरेजात परत येऊन त्यांनी पंप चालू ठेवून त्याच्या तारांवर मीटर लावला. बॅटरीपाशी १२ व्होल्टच्या वर आणि पंपापाशी जेमतेम ९! मागच्या सीटखाली अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. वीज कमी, म्हणून पंप मंद. सपाटीवर तेवढे पुरायचे, चढावर पेट्रोलची मागणी वाढली की कमी पडायचे. पॉलिश कागदाने गंज घासला, बोल्ट आवळला आणि पुन्हा चढ चढलो. काटा तीनवरून हलला नाही. नवा पंप टाकला असता, तरी तो चढावर असाच दमला असता.

तर्कशास्त्राच्या तासाला सरांनी शिकवले होते की, एका कार्याची अनेक कारणे संभवतात; म्हणून कार्य दिसताच कारण ठरवू नये. परीक्षेत मी ते लिहिले आणि गुणही मिळवले. पण त्याचा अर्थ मला उमगला तो मामाच्या शेजारी, हात पेट्रोलने माखलेले असताना. मामा सातवीपर्यंतच शिकलेले आहेत.

माझी आई कधी कधी विचारते, “बीए होऊन काय करशीन रे?” याचे नेमके उत्तर अजून मजजवळ नाही. पण मोजल्यावाचून निवाडा देऊ नये, आणि मोजल्यावरही घाई करू नये, एवढे शिकलो आहे. ते वर्गात शिकलो की गॅरेजात, हे मात्र मला वेगळे करून सांगता येणार नाही. काका आता पुन्हा रात्रीबेरात्री पेशंट घेऊन अकोल्याला जातात.