खाच हवी होती, भोक आलं

पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरच्या जुन्या बोर्डाची फाइल पुण्याहून आमच्याकडे आली. ईगल या बोर्ड डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये काढलेली. गिऱ्हाइकाला दोन टर्मिनलं वाढवून हवी होती आणि पुढचं सगळं काम कायकॅड या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये. फाइल विनातक्रार उघडली, ट्रॅक जागच्या जागी होते, डीआरसीत, म्हणजे प्रोग्रॅमच्या नियम-तपासणीत, एकही चूक निघाली नाही. बोर्ड बनून जबलपूरला आले आणि जोडणीला बसलेला पोरगा पहिल्याच बोर्डावर अडला. "भैया, जॅक का पैर नहीं घुस रहा." डीसी जॅकचे पाय चपटे असतात, त्यांना लांबट खाच लागते. तिथे गोल भोक होतं.

त्यानं बारीक कानसीनं भोक लांबवलं. पाय बसला, सोल्डरही छान धरलं, पण बोर्ड चालू होईना. अशा भोकाच्या आतल्या भिंतीला तांब्याचा पातळ मुलामा असतो आणि वरचा-खालचा थर त्यातूनच जोडलेला असतो. कानसीनं नेमका तोच खरवडला होता, आणि त्या बोर्डाचं ग्राउंड त्याच भोकातून वर जात होतं. तेव्हा अशा भोकाला कानस लावू नका. लावावीच लागली, तर पाय दोन्ही बाजूंनी सोल्डर करा किंवा वेगळी तार टाकून ती जोडणी पुरी करा.

खाच गेली कुठे? ईगलच्या पॅडला लांबट भोक देण्याची सोय नव्हती. म्हणून डिझाइन करणारे पॅडला गोल भोक द्यायचे आणि खाचेची रेघ ४६ नंबरच्या 'मिलिंग' लेयरवर वेगळी काढायचे. कायकॅडमध्ये आणताना पॅड गोल भोकासकट आलं आणि रेघ दुसऱ्या लेयरवर नुसतं चित्र म्हणून पडून राहिली. ड्रिल फाइलमध्ये भोकं जातात, चित्रं नाहीत. डीआरसी बोर्ड नियमात बसतो की नाही एवढंच बघतं. मूळ फाइलशी तो जुळतो का, हे ते बघतच नाही. त्याच्या 'शून्य चुका' वाचून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

हे दुखणं आता जास्त जणांना भेटणार आहे. ऑटोडेस्कनं २०१६ मध्ये ईगल घेतलं आणि ७ जून २०२६ नंतर ते मिळणार नाही, असं २०२३ मध्ये जाहीर केलं. आपल्याकडे १९४७ पासूनचं जबलपूर इंजिनिअरिंग कॉलेज आहे, २००५ पासून डुमना रोडला ट्रिपल आयटीडीएम आहे. शिकून बाहेर पडणाऱ्या पोरांच्या हाताशी फुकट मिळणारं कायकॅड आहे, पण जुन्या गिऱ्हाइकांची कपाटं ईगल, ऑरकॅड, प्रोटेलच्या फाइलींनी भरलेली आहेत. कायकॅड ईगलचा अख्खा प्रकल्प, सर्किटच्या आकृतीसकट, थेट उघडतं ते २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून. नुसतं उघडण्यावर समाधान मानू नका, एवढंच कळकळीनं सांगायचं आहे.

माझी रीत अशी. जुना प्रोग्रॅम चालू आहे तोवर त्यातूनच गर्बर (म्हणजे थरांच्या नकाशांच्या), ड्रिल आणि मिलिंगच्या फाइली काढून ठेवायच्या. मग नव्यातून काढायच्या आणि दोन्ही संच तिसऱ्याच व्ह्यूअरमध्ये, जीईआरबीव्हीसारख्या, एकावर एक ठेवायचे. ज्यानं फाइल लिहिली त्यालाच ती वाचायला देऊ नये. शिवाय भोकांचे व्यास आणि प्रत्येक व्यासाची संख्या ताडून बघायची.

जुळलं नाही, तर कसं चुकलं आहे ते नीट बघा, कारण त्यावरूनच दुखणं कळतं. सगळी भोकं सारख्याच प्रमाणात आक्रसली किंवा फुगली आणि फरक २५.४ पट असेल, तर इंच-मिलिमीटरचा घोळ. दहापट किंवा शंभरपट असेल, तर दशांश स्थळांचा. सगळी मिळून एका बाजूला सरकली असतील, तर दोन फाइलींचा आरंभबिंदू वेगळा धरला आहे. आणि काही भोकं बरोबर, काही कोपऱ्यात गोळा झालेली दिसली, तर शून्यं गाळण्याची पद्धत चुकली.

हे शेवटचं फार छळतं. समजा फाइल मिलिमीटरमध्ये आहे, तीन आकडे दशांशाच्या आधी, तीन नंतर. ३८.१ चा पुरा आकडा ०३८१००. मागची शून्यं गाळली की उरतं ०३८१. वाचणाऱ्यानं पुढची गाळली आहेत असं धरलं, की तेच होतं ०.३८१. पण ३८.१२५ ला गाळायला मागे शून्यच नाही, म्हणून ते भोक जागेवरच राहतं. ड्रिल फाइलच्या सुरुवातीला एलझेड म्हणजे पुढची शून्यं ठेवली आहेत. गर्बरच्या सुरुवातीचा एल मात्र ती गाळली आहेत असं सांगतो. अगदी जुन्या ड्रिल फाइलीत यातलं काहीच लिहिलेलं नसतं. तिथे अंदाज न करता सोबतचा रिपोर्ट मागून घ्या. तसंच आरएस-२७४-डी पद्धतीचे गर्बर आले, तर ॲपर्चरची, म्हणजे पॅड-रेघांच्या आकारांची, यादी वेगळ्या फाइलमध्ये असते. ती मिळाल्याशिवाय काम हाती घेऊ नका.

ग्राउंडचा तांब्याचा पट्टा नवा प्रोग्रॅम स्वतःच्या हिशेबानं पुन्हा भरतो, तेव्हा पॅडभोवतीची फट आणि जोडणाऱ्या काड्यांची रुंदी मोजून घ्या. कायकॅड मुलाम्याची आणि बिनमुलाम्याची भोकं दोन फाइलींत काढू शकतं. झिपमध्ये दोन्ही गेल्या का, ते बघा.

स्टार्टरच्या त्या बोर्डावर आम्ही जॅकचे तिन्ही पॅड लांबट भोकाचे करून घेतले. ड्रिल काढताना लांबट भोकांसाठी कायकॅड दोन पर्याय देतं. त्यातला कुठला चालेल, ते फॅब्रिकेटरला विचारून ठरवलं. आता प्रत्येक कामासोबत खाचांवर खूण केलेला ड्रिल नकाशा पीडीएफमध्ये जातो, आयपीसी-डी-३५६ ची नेटलिस्ट जाते, आणि त्यांच्या मशीनवर चढणाऱ्या फाइलीचं चित्र आमच्याकडे येऊन मंजूर झाल्याशिवाय बोर्ड कापायला घेत नाहीत.