सोयाबीनच्या दाण्यांतील तेल

वडगांव निंबाळकरच्या परिसरांतील होळ येथें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचें प्रायोगिक शेत असून तेथें सोयाबीनचे वाण पारखिले जातात. ही संस्था १९४६ सालीं महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नांवानें स्थापन झाली. २०२१ सालीं जाहीर झालेला तिचा एम्.ए.सी.एस्. १४०७ हा वाण मुख्यतः पूर्वेकडील राज्यांसाठीं आहे. त्याच्या दाण्यांत शेंकडा १९.८१ तेल व ४१ प्रथिन असतें.

तेल तिसांपर्यंत कां नेत नाहींत, असें पालक विचारतील. तेलाचें प्रमाण एका जनुकाच्या हातीं नाहीं; अनेक जनुकें व हवामान मिळून तें ठरवितात. शिवाय पानांनीं पुरविलेल्या एकाच साखरेपासून दाणा तेलही करितो व प्रथिनही. म्हणून बहुधा एक वाढलें कीं दुसरें घटतें. पेंडीला मोल येतें तें प्रथिनामुळें. तेव्हां केवळ तेलावर डोळा ठेवणें मला शहाणपणाचें वाटत नाहीं.

तेल कसें असावें, हा प्रश्न मात्र थोड्या जनुकांनीं सुटतो. दाणा प्रथम ओलीक आम्ल करितो, त्याचें लिनोलिक व त्याचें पुढें लिनोलेनिक बनतें. नेहमींच्या तेलांत ओलीक पावाच्या आंतबाहेर, लिनोलिक निम्म्याहून किंचित अधिक व लिनोलेनिक शेंकडा सात-आठ असतें. हें शेवटचें आम्ल हवेंतील प्राणवायु सहज घेतें व तेल खवट होतें.

ओलीकापासून लिनोलिक करण्याचें काम दाण्यांत मुख्यतः फॅड२-१ए व फॅड२-१बी हीं दोन जनुकें करितात. दोन्ही निकामी झालीं तर ओलीक शेंकडा ऐंशींच्या घरांत जातें. परंतु असा वाण चांगल्या वाणाशीं संकरिला, तर पहिल्या पिढींत प्रत्येक जनुकाची एक प्रत शाबूत राहते व गुण झांकला जातो. दुसऱ्या पिढींत सोळांत सरासरी एकाच दाण्यांत चारही प्रती निकामी येतात. चार नाणीं एकदम उडवून पाहा. चारही छापे पडण्यास सरासरी तितकाच विलंब लागतो! मेंडेलनें १८६६ सालीं वाटाण्यावरून प्रसिद्ध केलेला हिशेब तो हाच.

तो दाणा ओळखण्यासाठीं तो खर्ची घालावा लागत नाहीं. अंकुराच्या उलट बाजूची लहानशी कपची काढून तिच्यांतील तेल तपासतात व उरलेला दाणा पेरतात. तो बिनदिक्कत उगवतो. सोयाबीनच्या फुलांत स्वपरागसिंचन बहुधा फूल उमलण्यापूर्वींच होतें. त्यामुळें संकर करणाऱ्यास मिटल्या कळीवर चिमट्यानें मोठें नाजूक काम करावें लागतें. पण त्यामुळेंच, एकदां स्थिर झालेल्या वाणाचें घरचें बियाणें निवडून राखिलें, तर त्याचा गुण वर्षानुवर्षे टिकतो.