तेलाची वाटी बाजूला ठेवा

मुलाचा कान दुखायला लागला की आपल्याकडे पहिला हात जातो तो तेलाच्या वाटीकडे. लसणाच्या दोन पाकळ्या खोबरेल तेलात लालसर होईपर्यंत तळायच्या, तेल कोमट होऊ द्यायचं आणि कापसाच्या बोळ्याने चार थेंब कानात सोडायचे. कुठे तुळशीचा रस, कुठे कांद्याचा, कुठे झेंडूच्या पाल्याचा, तर कुठे आईचं दूध. हे सगळं मायेपोटीच केलं जातं, याबद्दल मला कधीच शंका वाटली नाही. पण आईबाबांनो, आज तुमच्याशी बोलायचं आहे ते याच वाटीबद्दल.

आधी दुखतं कुठे, ते पाहू. लहान मुलांचं कान दुखणं बहुतेक वेळा सर्दीच्या मागून येतं. नाकाच्या मागच्या भागापासून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. मोठ्या माणसात ती उतरती असते, लहानग्यात आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दीने ती सुजून बंद झाली की पडद्यामागे पाणी साठतं, त्यात जंतू वाढतात, पू होतो आणि पडदा ताणला जातो. मूल किंचाळतं ते या ताणामुळे. सहा महिने ते दोन वर्षं या वयात हे सर्वांत जास्त दिसतं. आडवं झाल्यावर दाब वाढतो, म्हणून दिवसभर खेळलेलं मूल नेमकं मध्यरात्री कान धरून उठतं.

आता तेलाचा विचार करा. दुखणं पडद्याच्या पलीकडे आहे आणि आपण तेल घालतो पडद्याच्या अलीकडे. पडदा शाबूत असेल तर ते दुखण्यापर्यंत पोचतच नाही. पडदा फाटलेला असेल तर मात्र नको तिथे, मधल्या कानात उतरतं आणि सोबत बाहेरचे जंतू नेतं. वरून कोमट वाटणारं तेल आत चटका देऊ शकतं. आणि कोकणासारख्या दमट हवेत तेलाने ओलसर राहिलेल्या कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही. डॉक्टरांनाही तेलाने भरलेल्या कानातून पडदा नीट दिसत नाही, ही वेगळीच अडचण.

“पण आमच्याकडे तेलाने थांबतं हो!” हे मी अनेक आयांकडून ऐकलं आहे आणि त्या खोटं सांगत नाहीत. थांबतं हे खरं. कशामुळे थांबतं, हा प्रश्न आहे. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी १७१ मुलांवर केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांच्या कानात लसूण आणि इतर वनस्पतींचं ऑलिव्ह तेलात केलेलं औषध घातलं, काहींच्या कानात बधिर करणारे थेंब. तीन दिवसांत दोन्हीकडची मुलं सुधारली, वनस्पतींच्या थेंबांची थोडी अधिकच. पण त्याच डॉक्टरांनी पुढे लिहिलं की यातलं सुमारे ८० टक्के दुखणं आपोआपच ओसरणारं होतं, नुसत्या गेलेल्या वेळाने. शिवाय ते थेंब तयार केलेलं औषध होतं, कढल्यातलं तेल नव्हे. आणि कान आधी डॉक्टरांनी तपासलेले होते. मधल्या कानाचं दुखणं बहुतेक मुलांत तीन दिवसांच्या आत शमतं. त्या तीन दिवसांत आपण जे करू, त्याला श्रेय मिळतं.

म्हणूनच मी म्हणते, घरचा उपाय जरूर करा, पण कानाच्या बाहेरून करा.

सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे कोरडा शेक. सुती फडक्याची घडी तव्यावर गरम करायची, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची आणि सोसेल इतकीच ऊब कानावर, कानामागे दहा-पंधरा मिनिटं द्यायची. ओव्याची पुरचुंडी करत असाल तर तीही चालेल, आराम मिळतो तो उबेमुळे. मुलाला मांडीवर उभं धरा, डोकं वर राहू द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र उशी देऊ नका, खांद्यावर घेऊन बसा. अंगावर पिणारं असेल तर पाजत राहा. गिळताना ती बंद नळी उघडायला मदत होते. नाक चोंदलं असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घाला. सासूबाई तेल घालायचं म्हणत असतील तर त्यांच्याशी वाद घालू नका. शेकाचं काम त्यांच्याकडे सोपवा. नातवासाठी काही करावंसं वाटणं हक्काचंच आहे, आणि शेक त्यांच्या हातून अधिक चांगला होतो.

पण एवढ्यावर मुलाला रात्रभर कळा सोसायला लावू नका. दुखणं थांबवायला पॅरासिटामॉल लागतंच, आणि ते दिल्याने आपण “अॅलोपॅथीकडे वळलो” असं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. इथे जपायचं ते मापाला. मात्रा वजनावर ठरते, दर किलोला जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांत चार ते सहा तासांचं अंतर आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. आपल्याकडे एकाच औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं झालं तर १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंब दीड मिलिलिटर लागतात, ५ मिलिलिटरमध्ये १२५ असलेलं पातळ औषध ६ मिलिलिटर आणि २५० असलेलं फक्त ३. झोपेत, घाईत इथेच चूक होते. तेव्हा आपल्या मुलाचं आजचं वजन आणि घरातल्या बाटलीचं माप डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवा. अॅस्पिरिन मुलांना कधीही नको. सर्दी सुकवणाऱ्या औषधांनी कान बरा होत नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नका, असं २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य खात्यानेही सांगितलं आहे.

कधी कधी रडता रडता मूल अचानक शांत होतं आणि सकाळी उशीवर पिवळट डाग दिसतो. कान फुटला म्हणतात तो हाच. पडद्याला छोटं भोक पडून पू वाट काढतो, म्हणून कळ थांबते. घाबरू नका, हा पडदा बहुधा काही आठवड्यांत आपला आपण भरून येतो. मात्र आता कानात थेंबभरही काही जाऊ द्यायचं नाही. बाहेर आलेलं स्वच्छ फडक्याने पुसा, अंघोळीला कानाच्या तोंडाशी व्हॅसलीन लावलेला कापूस ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कान दाखवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ वाहणारा कान अंगावर काढला तर ऐकू येणं कमी होतं. दवाखाना लांब असलेल्या पालकांना एक आठवण: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि त्यातल्या आजारांच्या यादीत कानाचा हा संसर्गही आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. पथक आलं की कान वाहतो हे तोंडाने सांगा, लाजू नका.

काही वेळा मात्र शेक-बिक काही नाही, थेट निघायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. कानामागे लाल सूज येऊन कान पुढे आल्यासारखा दिसणं. तोंड एका बाजूला वाकडं होणं. मान आखडणं, सारख्या उलट्या, न उठणारी गुंगी. कानात बटणासारखी छोटी बॅटरी गेली असेल तर तेही याच यादीत, ती काही तासांत आत भाजते.

डॉक्टर “दोन दिवस बघू” म्हणाले तर ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका. दोन वर्षांवरच्या, ताप बेताचा आणि दुखणं सौम्य असलेल्या मुलाला लगेच अँटिबायोटिक न देता ४८ ते ७२ तास थांबून पाहता येतं, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१३ च्या सूचनांत म्हटलं आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं, किंवा १०२ च्या वर ताप असलेल्या मुलाचं तसं नाही. औषध सुरू केलंच तर मात्र सांगितलेले दिवस पुरे करा, गेल्या खेपेची उरलेली बाटली काढू नका.

पुन्हा पुन्हा कान दुखू नये म्हणून घरात करण्यासारखंही बरंच आहे. बाटलीने दूध पाजताना बाळाला आडवं ठेवू नका. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढू नये, आणि अंघोळीनंतरची धुरीही थांबवावी. धुराने नाकाची आतली त्वचा सुजते. न्हाऊ घालणाऱ्या मावशींना कानात तेल सोडू नका, फुंकर मारू नका, असं आधीच प्रेमाने सांगा. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी. ती चुकवू नका.

आणि दुखणं थांबल्यावरही मुलाकडे लक्ष असू द्या. पडद्यामागचं पाणी कधी कधी तीन महिन्यांपर्यंत राहतं, आणि तेवढ्या काळात त्याला कमी ऐकू येतं. हाक मारल्यावर वळत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतो, बाई सांगतात वर्गात लक्ष नसतं, अशा वेळी रागावू नका. तीन महिन्यांनंतरही असंच असेल तर त्याची श्रवणचाचणी करून घ्या.